पाण्याचे वाटप झाले. व्हाळांच्या खर्चाचे काय?

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्याकडे निघालेली वाहने पिरनवाडीत खानापूरचा रस्ता सोडतात आणि जांबोटीच्या वाटेला लागतात. गोमंतकीयांच्या लेखी पिरनवाडी म्हणजे एवढेच: गोव्याची वाट जेथून फुटते ते ठिकाण. बेळगावची भाजी याच वाटेने गोव्याच्या बाजारात उतरते. तथापि, या वाटेवरून पश्चिमेला चढत गेल्यावर जो मुलूख लागतो, त्याच्याशी गोव्याचे नाते भाजीच्या व्यापाराहून कितीतरी जुने आहे. बैलूरच्या परिसरात मार्कंडेय नदी उगम पावते आणि पुढे घटप्रभेला मिळते. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. खानापूर तालुक्यातच, भीमगडच्या अरण्यात देगावच्या परिसरात म्हादईचे पहिले ओहोळ एकत्र येतात. कणकुंबीसारख्या एकाच गावात पडलेल्या पावसाचा काही भाग मलप्रभेतून कृष्णेला व पुढे बंगालच्या उपसागराला मिळतो, तर उरलेला कळसा नाल्यातून म्हादईत आणि अखेर मांडवीच्या मुखाशी अरबी समुद्रात जातो.

या पाण्याच्या वाटणीसाठी नोव्हेंबर २०१० मध्ये म्हादई जलतंटा लवाद स्थापन झाला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला. गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी मिळाले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी पाणी मलप्रभा खोऱ्यात वळवण्यासाठी आहे. त्यात कळसाचे १.७२ आणि भांडुराचे २.१८ टीएमसी. फेब्रुवारी २०२० मध्ये हा निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित प्रकल्प अहवालांना मान्यता दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने ‘प्रवाह’ हे प्राधिकरण मंजूर केले आणि जुलै २०२४ मध्ये त्याच्या सदस्यांनी खोऱ्याची पाहणी केली. त्याच वर्षी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने कळसाचा प्रस्ताव लांबणीवर टाकला. निवाड्याला तिन्ही राज्यांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापुढे गेले.

या प्रदीर्घ घटनाक्रमात पाणी मोजण्याची, अडवण्याची, वळवण्याची आणि वळवू न देण्याची चर्चा झाली. ते पाणी ज्या शेकडो लहान ओहोळांतून नदीत येते, त्यांची देखभाल कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र या चर्चेच्या कडेलाच राहिला. वास्तविक गोव्याच्या हिताचा विचार केला तर तो मध्यभागी असायला हवा. लवादाने वाटलेले पाणी हे कागदावरील सरासरी आहे. प्रत्यक्ष मार्च-एप्रिलमध्ये नदीत किती पाणी उतरते, हे निवाड्याइतकेच उगमाकडील व्हाळांच्या प्रकृतीवर अवलंबून आहे.

व्हाळ मरतो कसा?

गोव्यात ज्याला व्हाळ म्हणतात त्याला खानापुरात नाला म्हणतात आणि घाटमाथ्यावरील अनेक गावांत ओढा. नाव काहीही असो, त्याचे कार्य एकच. सड्यावर आणि जंगलात पडलेला पाऊस जांभ्या दगडाच्या भेगांतून व पालापाचोळ्याखालच्या मातीतून मुरतो आणि झऱ्यांच्या रूपाने सावकाश बाहेर पडतो. पावसाळा संपल्यावर नदी वाहते ती या मुरलेल्या पाण्यावर. कणकुंबी-आमगावचा पट्टा मुसळधार पावसाचा आहे. पण नुसता पाऊस पुष्कळ पडला म्हणून नदी बारमाही होत नाही. मुरवणारी जमीन शाबूत नसेल, तर तोच पाऊस चार महिन्यांत माती घेऊन समुद्राला मिळतो.

व्हाळ एकाएकी मरत नाही. प्रथम काठाची झाडे जातात. जांभूळ, करंज, उंबर, वाळुंज आणि पुरात लवणारी पण न मोडणारी शेरणी यांची मुळे काठ धरून ठेवतात, त्यांची सावली पाणी थंड राखते. ती गेली की काठ ढासळतो, पात्र रुंद व उथळ होते. सड्यावर चिरेखाणी लागतात किंवा स्थानिक रानाच्या जागी अकेशियाची एकसुरी लागवड उभी राहते. मग रस्त्यासाठी मोरी घातली जाते, तिच्याखाली पात्राला उभा टप्पा पडतो आणि मासे वर चढू शकत नाहीत. यापैकी कोणतीही एक घटना बातमी होण्याइतकी मोठी नसते. त्या सर्वांचा परिणाम मात्र खाली, गोव्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पांपर्यंत पोहोचतो. सत्तरीतील दाबोस प्रकल्प म्हादईच्या पाण्यावर चालतो आणि तिसवाडी-फोंड्याची तहान भागवणारा ओपा प्रकल्प मांडवीची उपनदी असलेल्या खांडेपार नदीवर.

या ओल्या काठांवर जे जीवन आहे ते इतरत्र हलवता येत नाही. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील ‘राॅटनचे’ वटवाघूळ दीर्घकाळ जगात केवळ तेथूनच ज्ञात होते. २००७ मध्ये चोर्ला परिसरातून देवगांडुळाच्या एका नव्या प्रजातीची नोंद झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात म्हादईचे नाव घातले गेले. ओलसर मातीत राहणारा हा पाय नसलेला उभयचर जीव आहे; व्हाळाकाठची जमीन सुकली तर त्याला पळून जायलाही वाट नाही. १९९९ मध्ये अधिसूचित झालेले गोव्याचे म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचे आहे आणि २०११ मधील कर्नाटकाचे भीमगड अभयारण्य १९० चौरस किलोमीटरचे. दोन्ही एकाच अरण्याचे भाग आहेत. वाघ, अस्वल आणि गवा हे राज्याची सीमा न मानता उन्हाळ्यात पाण्याच्या मागे फिरतात. व्हाळ आटला की तेच प्राणी वस्तीतल्या विहिरी-तळ्यांकडे वळतात आणि संघर्ष सुरू होतो.

निधी आहे, पण व्हाळासाठी नाही

पैसा नाही, ही सबब पूर्णपणे खरी नाही. वनजमीन वळवण्याच्या मोबदल्यात जमा होणाऱ्या भरपाई वनीकरण निधीचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने त्यातील ४७ हजार कोटींहून अधिक रक्कम राज्यांना दिली. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना वन व पर्यावरण या निकषाला १० टक्के भार दिला. त्याच आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम स्वच्छता आणि पाणी यांसाठी राखून ठेवली. खाणपट्ट्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. गोव्यात २०१३ चा हरित उपकर कायदा आहे. शिवाय २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठीच्या कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला.

प्रश्न या निधींच्या मोजपट्टीचा आहे. वनीकरणाचा हिशेब हेक्टर आणि रोपांत होतो, रोजगार हमीचा मनुष्यदिवसांत, नळयोजनेचा जोडण्यांत. एखादा व्हाळ पूर्वी जानेवारीत आटत होता आणि आता मार्चपर्यंत वाहतो, हे यश या कोणत्याच रकान्यात बसत नाही. जे मोजले जात नाही त्यावर खर्च होत नाही, हा सरकारी व्यवहाराचा अनुभव आहे. भरपाई वनीकरणात आणखी एक विसंगती आहे. जंगल एका खोऱ्यात तुटते आणि झाडे दुसऱ्या खोऱ्यात लागू शकतात. उद्या कणकुंबीच्या रानातील जमीन प्रकल्पाला गेली, तर भरपाईची रोपे कर्नाटकात अन्यत्र लागतील. त्या रानाचे पाणी पिणाऱ्या गोव्याच्या वाट्याला त्यातले काहीही येणार नाही.

पिरनवाडी-मच्छे पट्ट्यात ही विसंगती निराळ्या रूपात दिसते. बेळगाव शहर उद्यमबागेपलीकडे वाढत गेले आणि ही गावे नगरपंचायतींच्या रांगेत आली. गाव शहरी झाले की ग्रामीण रोजगार हमीची कामे तेथे घेता येत नाहीत. नाला मात्र तोच राहतो. उलट त्याच्यावरचा भार वाढतो. शेतीचा नाला सांडपाण्याचा होतो, नेमका त्याच वेळी त्याच्या देखभालीचा ग्रामीण निधी थांबतो. याचा शेवट काय होतो ते पाहायला लांब जावे लागत नाही. बेळगाव शहराचे सांडपाणी वाहणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात फुगतो आणि शहापूर-वडगाव शिवारातील भातपीक पाण्याखाली जाते. नाला निरोगी असताना जे काम थोड्या पैशांत झाले असते, त्यासाठी नंतर मोठे प्रकल्प आखावे लागतात, आणि तरीही गेलेला काठ परत येत नाही.

पैसा ओतला की काम होते, असेही नाही. महाराष्ट्रात डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणावर भर राहिला. अनेक ठिकाणी यंत्रांनी पात्रे सरळ व खोल केली. काठावरची झाडे, डोह आणि वाळूचे थर त्यात गेले. या अतिरेकी खोदकामावर जलतज्ज्ञांनी टीका केली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. यंत्राचे देयक एका आठवड्यात काढता येते. काठावर लावलेले उंबराचे रोप जगवायला मात्र पाच-सहा वर्षे राखण लागते. आपली निधीव्यवस्था पहिल्या प्रकारच्या खर्चाला सरावलेली आहे.

वरच्यांना मोबदला

यावर इतरांनी काय केले? सिक्कीम हे गोव्यासारखेच लहान राज्य. तेथे २००८ पासून ‘धारा विकास’ उपक्रमात रोजगार हमीचाच पैसा वापरून डोंगरावरचे झरे पुनरुज्जीवित करण्यात आले. झऱ्याला पाणी नेमके कोठून मिळते हे आधी भूशास्त्राच्या मदतीने शोधले गेले आणि मग त्या जागी चर व तळी खणली गेली. निधी नवा नव्हता. कामाची जागा ठरवण्याची पद्धत नवी होती.

हिमाचल प्रदेशातील पालमपूर नगरपरिषदेने २०१० मध्ये शहराला पाणी देणाऱ्या झऱ्याच्या माथ्यावरील बोहल गावाशी करार केला. गावाने जंगल राखावे आणि नगरपरिषदेने त्यासाठी वर्षाला १० हजार रुपये द्यावेत, असे ठरले. रक्कम किरकोळ आहे. पण खालच्या शहराने वरच्या गावाचे ऋण लेखी मान्य केले. इक्वेडोरची राजधानी कीटो येथे २००० मध्ये जलनिधी स्थापन झाला आणि शहराच्या पाणीपुरवठा संस्थेच्या उत्पन्नातील २ टक्के वाटा त्यात जाऊ लागला. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प उभारण्याऐवजी कॅट्स्किल डोंगरातील पाणलोट राखण्यासाठी तेथील गावांशी करार केला. तो खर्च प्रकल्पाच्या खर्चाहून कितीतरी कमी होता.

या साऱ्या उदाहरणांत पाणी पिणारा पाणी राखणाऱ्याला काही देतो. गोव्यात अशा विचारापुढे पहिली अडचण आपणच उभी केली आहे. २०२१ मध्ये दरमहा १६ हजार लिटरपर्यंत मोफत पाण्याची योजना जाहीर झाली. गरीब कुटुंबाला पाणी स्वस्त मिळावे यात वाद नाही. पण पाण्याला किंमत नाही असे एकदा राज्यानेच सांगितले, की त्या पाण्याच्या उगमासाठी चार पैसे मागण्याचे धाडस कोणत्याही सरकारला होत नाही. निदान हॉटेले, उद्योग आणि मोठ्या वसाहती यांच्या देयकांवर अल्प उगम-आकार लावता येईल.

सीमेपलीकडे पैसा जातो का?

दुसरी अडचण अधिक गंभीर मानली जाते. म्हादई खोऱ्याच्या एकूण २,०३२ चौरस किलोमीटरपैकी १,५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात आहेत. क्षेत्र आपले जास्त असले तरी माथा परराज्यात आहे. गोव्याचा पैसा तेथे कसा खर्च होणार?

याचे उत्तर दोडामार्गात आहे. तिळारीचे धरण महाराष्ट्राच्या भूमीवर उभे आहे आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग गोव्याने उचलला, कारण पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा होता. काँक्रीटसाठी आपला पैसा सीमा ओलांडू शकला, तर झाडांसाठी, झऱ्यांसाठी आणि राखणदारांच्या मजुरीसाठी तो ओलांडू शकणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. राज्यघटनेचे कलम २८२ राज्याला आपल्या कायदेविषयक अधिकाराबाहेरील सार्वजनिक कारणासाठीही अनुदान देण्याची मुभा देते. दुसऱ्या राज्यात खर्च करायचा तर त्या राज्याची संमती आणि करार लागेल, हे खरे. पण तिळारीसाठीही तो लागलाच होता.

कर्नाटकाशी असा करार आज शक्य आहे का, हा रास्त आक्षेप आहे. न्यायालयात दावा सुरू असताना गोव्याने पैसे दिले, तर तो कर्नाटकाच्या हक्काला मान्यता दिल्यासारखा होईल, अशी भीती घातली जाईल. सीमाभागातील मराठी गावांना गोव्याने मदत देणे बेळगावात राजकीय चष्म्यातून पाहिले जाईल. या दोन्ही शंका दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. त्यावर मार्ग हाच, की पैसा राज्याकडून राज्याला न जाता ‘प्रवाह’च्या देखरेखीखालील समान उगम निधीतून जावा, त्यात तिन्ही राज्यांनी वाट्याच्या प्रमाणात भर घालावी आणि ‘या खर्चाने कोणाच्याही दाव्याला बाध येणार नाही’ असे कलम करारात असावे. मलप्रभेचा उगमही याच डोंगरात असल्याने हा निधी कर्नाटकाच्याही हिताचा आहे. कणकुंबीचे रान राखले तर मलप्रभेच्या नविलुतीर्थ धरणालाही ते पाणी पोहोचते.

राज्यांनी हात आखडता घेतला, तरी एक छोटी वाट खुली राहते. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती अपेक्षित आहे. याच कायद्याचा आधार घेऊन महाराष्ट्राने मार्च २०२१ मध्ये आंबोलीतील हिरण्यकेशीच्या उगमाला जैविक वारसा स्थळ घोषित केले. एका नव्या माशाच्या शोधामुळे हे घडले. हीच हिरण्यकेशी पुढे आजरा-गडहिंग्लज करीत संकेश्वरला, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात उतरते. सिंधुदुर्गात राखलेल्या दोन हेक्टरांच्या उगमाचा लाभ कर्नाटकातील शेतकऱ्याला होतो. मग खानापुरात राखलेल्या उगमाचा लाभ सत्तरीला झाला, तर त्यात विपरीत काय?

राखणारे कोण?

या साऱ्या विवेचनात एक घटक सहज विसरला जातो, तो म्हणजे उगमाजवळ राहणारी माणसे. भीमगड अभयारण्यातील तळेवाडी, गवळी, आमगाव, देगाव ही बहुतांश मराठी वस्तीची गावे पिढ्यानपिढ्या या पाण्यावर जगली. पावसाळ्यात ती जगापासून तुटतात. रस्ता, वीज, दवाखाना यांसाठी त्यांची मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. अलीकडे शासनाने स्थलांतरासाठी कुटुंबामागे १५ लाख रुपयांचे पॅकेज पुढे केले आणि तळेवाडीच्या कुटुंबांनी ते स्वीकारण्याची तयारी दाखवली. ज्यांना जायचे आहे त्यांना सन्मानाने जाऊ द्यावे. पण जंगल सोडण्यासाठी १५ लाख मिळतात आणि जंगलात राहून झरे राखण्यासाठी काहीच मिळत नाही, ही व्यवस्था माणसाला कोणता संदेश देते, याचा विचार व्हावा.

गोव्याने या बाबतीत कर्नाटकाकडे बोट दाखवण्याआधी घर पाहावे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मारले गेले. गुन्हा अक्षम्य होता. परंतु गुरे गमावणाऱ्या पशुपालकांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न त्यानंतरच ऐरणीवर आला. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी भडकल्या, तेव्हा पाणलोटाचे संरक्षण किती थोड्या हातांवर अवलंबून आहे ते दिसले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हादई आमची आई, असे एका न्यायालयात सांगायचे आणि तिच्या उगमाच्या रानाला मिळणारे संरक्षण दुसऱ्या दाव्यात नाकारायचे, यातील विसंगती कर्नाटकाच्या वकिलांच्या नजरेतून सुटण्यासारखी नाही.

म्हणून सुरुवात घरातून व्हावी. येत्या अर्थसंकल्पात उगम-व्हाळांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे आणि त्यात हरित उपकराचा निश्चित वाटा व खनिज निधीच्या व्याजाचा काही भाग जावा. सत्तरी, धारबांदोडा आणि सांगे तालुक्यांतील ग्रामसभांनी व्हाळ निवडावेत. दरवर्षी फेब्रुवारी ते मे या महिन्यांत प्रवाह मोजून तो पंचायतीच्या फलकावर लावावा. निधीचा पुढचा हप्ता त्या मोजणीशी आणि काठावर जगलेल्या झाडांशी जोडावा. राखण करणाऱ्या गावाला मजुरी हंगामी नव्हे, तर किमान पाच-सहा वर्षांच्या करारावर मिळावी. आपल्या हद्दीतील अशा दहा व्हाळांचा हिशेब हाती घेऊन गोवा ‘प्रवाह’पुढे उभा राहिला, तर पिरनवाडीपलीकडच्या डोंगरासाठी समान निधी मागण्याचा नैतिक अधिकार त्याला मिळेल.

निवाड्यातील आकडे बदलतील किंवा बदलणार नाहीत. ते न्यायालय ठरवील. व्हाळ राखण्याचा निर्णय मात्र कोणत्याही न्यायालयात अडकलेला नाही. तो विधानसभेत आणि ग्रामसभेत घ्यायचा आहे.